याने हे पान खाल्लं

'पानाच्या आत'मधला शेवटचा 'त' कागद संपल्यामुळे जरासा वर चढला होता, एवढंच काय ते वावगं. बाकी लेबल ठीक होतं – करंगळीच्या नखाएवढं, काळ्या शाईचं, तिच्या स्वतःच्या हातचं – वरच्या ओळीत तारीख, मधल्या ओळीत जागा, खाली 'सूर्यफूल, पानाच्या आत'. आणि त्याच टाचणीवर, लेबलाच्या बोटभर वर, फोमच्या इवल्या तुकड्यावर तो पतंग पंख पसरून बसला होता. तांदळाचा अर्धा दाणा म्हणावा एवढा, राखाडी, पंखांच्या कडेला बारीक झालर, आणि भिंगाखाली धरला की त्या राखाडीत एक तांबूस पट्टा, जो नुसत्या डोळ्याला कधीच दिसला नसता. असे चार होते. चारही तिने वाढवलेले, तिने टाचलेले, तिने नोंदवलेले... आणि टेबलाच्या डाव्या कोपऱ्यात सरांनी ठेवलेलं पांढरं पाकीट होतं. त्यात चार नवी लेबलं, छापील, एका मापाची. त्यांच्यावर सूर्यफूल नव्हतं. इमारतीच्या मागे माजलेल्या तणाचं नाव होतं.

"जुनी काढा, ही लावा," सर सकाळी दारातूनच म्हणाले होते, शर्टाच्या टोकाने चष्मा पुसत. "उद्या दहाला फोटोवाला येतोय. परवा लेख जाईल."

"जुनी काढायची?" तिने विचारलं.

"काढायची. अजून छापून कुठं आलंय काही? आपल्या घरातलीच गोष्ट आहे, बाई."

आणि ते गेले. आपल्या घरातलीच गोष्ट – म्हणजे झाकून टाकायची गोष्ट, असं तिला वाटलं, आणि चिमटा हातात घेऊन ती तशीच बसून राहिली.

सत्तावीस वर्षं ती या खोलीत होती. कीटकसंग्रहाची खोली, भिंतभर कपाटं, कपाटांत काचेच्या झाकणाच्या पेट्या, पेट्यांत टाचण्यांच्या रांगा, आणि सगळ्यावर डांबराच्या गोळ्यांचा वास, जो तिच्या केसांत, पर्समध्ये, डब्याच्या पिशवीतही शिरला होता. संस्थेतले लोक पाठीमागे तिला टाचणीबाई म्हणत. म्हणेनात का. नाव वाईट नव्हतं, कामाला धरून होतं. आणि इथे आल्यावर पहिल्याच आठवड्यात सरांनी – तेव्हा त्यांचे केस काळे होते आणि ते बोलताना समोरच्याकडे बघत – तिला एक भुंगा दाखवला होता. त्याच्या टाचणीवर एकाखाली एक पाच लेबलं. सत्तर वर्षांत पाच विद्वानांनी त्या भुंग्याची पाच नावं ठेवली होती, प्रत्येकाने आधीच्याला वेड्यात काढलं होतं, आणि तरी एकानेही दुसऱ्याचं लेबल काढलं नव्हतं. "हा आमचा पाच मजली भुंगा," सर हसून म्हणाले होते. "लक्षात ठेवा, टाचणीवरचं लेबल कधी काढायचं नाही. चुकलेलं असलं तरी नाही. नवं लावायचं ते त्याच्या खाली." ते ऐकून तिला केवढं बरं वाटलं होतं! जगात एक तरी जागा अशी आहे जिथे माणसाने एकदा 'मी हे पाहिलं' म्हटलं की ते खोडून टाकत नाहीत... तिने पाचही लेबलं भिंगाखाली वाचली होती, आणि तिसऱ्याचं अक्षर तिच्यासारखंच तिरकं होतं.

मग आता?

आता सरांना तण हवं होतं, एवढंच. त्यात त्यांचा दोष होता असंही नाही. ते तण सगळ्यांच्या डोक्यावर बसलं होतं – पडीक जागा, रस्त्याच्या कडा, शाळेची मैदानं, अंगाला लागलं की दोन दिवस खाज – आणि त्याला खाणारा कीटक कुणाला सापडला तर माणसं त्याच्याभोवती गोळा झाली असती. तण खाणारा पतंग म्हणजे गुणी बाळ. सूर्यफूल खाणारा म्हणजे आणखी एक कीड, आधीच्या दोनशे किडींत भर. सरांना निवृत्त व्हायला दीड वर्ष उरलं होतं आणि इतक्या वर्षांत कोणी त्यांच्याभोवती गोळा झालं नव्हतं, हे तिच्याइतकं कोणाला माहीत नव्हतं. त्या आठवड्यात त्यांनीही मागच्या पडीक जागेतून तणाची पानं आणली होती. तिची सूर्यफुलाची पानं एका बरणीत, त्यांची तणाची दुसऱ्या बरणीत, दोन्ही तिच्याच खिडकीत. एका बरणीतून चार पतंग निघाले, दुसरीतून काहीच नाही. आणि सरांचं म्हणणं असं की बरण्यांची अदलाबदल झाली असणार.

"होतं असं," ते काल म्हणाले होते. अगदी मायेने.

त्या मायेचाच तिला संताप आला होता. रागावले असते तर बरं झालं असतं. रागावलेल्या माणसाला उत्तर देता येतं. 'होतं असं' हे दोन शब्द त्यांनी अठरा वर्षांपूर्वीही असेच म्हटले होते, याच खोलीत, याच टेबलापाशी, आणि तेव्हापासून ते कधी पुन्हा बोलून दाखवले नव्हते, पण तिच्या प्रत्येक कामाच्या खाली ते कुठेतरी टाचलेले होते.

झालं होतं असं. पतंगांची पोटं नाजूक. वाळली की धक्क्यानेही गळून पडतात, मग ती डिंकाच्या ठिपक्याने परत चिकटवायची. एका दुपारी एकाच पेटीत दोन पतंगांची पोटं गळाली. तिने एक उचललं, डिंक लावला, फोन वाजला, तिने मान वळवली... आणि याचं पोट त्याला लागलं. चेहऱ्यावरून पतंग ओळखता येत नाही, त्याची खरी ओळख पोटाच्या टोकाला असते. सरांनी ते पोट तपासलं, असा पतंग जगात कुठे नोंदलेला नाही म्हणून थाटात लेख लिहिला, आणि चार महिन्यांनी दूर कुठल्याशा देशातल्या एका म्हाताऱ्या तज्ज्ञाचं पत्र आलं की तुमच्या पतंगाचं डोकं एका जातीचं आहे आणि पोट दुसरीचं, अभिनंदन. संस्थेतले लोक आठवडाभर हसत होते. सर मात्र हसले नाहीत, ओरडले नाहीत. सगळ्यांना एवढंच सांगत राहिले, बाईंच्या घरी तेव्हा जरा अडचण होती.

घरी काहीही अडचण नव्हती. हे तिला छताकडे तोंड करून ओरडून सांगावंसं वाटलं होतं. त्या दिवशी सकाळी नवऱ्याने चहा केला होता, साखर जास्त घातली होती, सासरे पेपर मोठ्याने वाचत होते, सासूबाईंना हसू आवरत नव्हतं... सगळं छान होतं. छान चाललेल्या दिवशी, धडधाकट डोळ्यांनी मी चुकले. पण चूकही मला माझी म्हणून करू दिली नाही यांनी. तिच्यावर पांघरूण घातलं, आणि पांघरुणाखाली गेलेल्या माणसाचं कोण ऐकतं?

तेव्हापासून तिला ती सवय लागली. चिकटवलेलं प्रत्येक पोट तीनदा बघायचं. मग पेटीचं झाकण. मग खोलीचं कुलूप – लावायचं, ओढून बघायचं, जिन्याच्या मधल्या वळणापर्यंत जायचं, परत यायचं, ओढून बघायचं. घरी गॅस. घरी दाराची कडी. सासूबाई आपल्या खुर्चीतून म्हणायच्या, "अगं, कुलूप काय पाय लावून पळणार आहे का?" आणि ती म्हणायची, "नाही हो आई, सहज." सहज कसलं... अठरा वर्षं ती स्वतःच्या मागे पहारेकरी होऊन फिरत होती, आणि पहारेकऱ्याला चोर सोडून काही दिसत नाही.

आताही तेच चाललं होतं. कालपासून तिने ती खिडकी मनात इतक्या वेळा उघडली होती की तिची बिजागरं सैल झाली. दोन बरण्या. मधाच्या, दोन्ही, संस्थेत सगळ्या बरण्या मधाच्याच, कारण सरांना मधाचं वेड. तोंडाला मलमलचं फडकं, वर रबर. तिची डावीकडे. दुपारी ऊन तिरपं येतं म्हणून एकदा तिने त्या आत सरकवल्या होत्या, हे खरं. आधी डावी, मग उजवी... की आधी उजवी? चिठ्ठ्या दोऱ्याने बांधल्या होत्या. बांधल्या होत्या ना? बरणीचा काठ जरा फुटका होता, तो तिच्या बरणीचा की त्यांच्या? जितकं बघावं तितकं धूसर होत होतं – तिसऱ्यांदा ओढून पाहिलेलं कुलूप जसं पहिल्यांदापेक्षा जास्त उघडं वाटतं, तसं. आणि पानं तर ठेवलीच नव्हती. पतंग निघाल्यावर पानांना बुरशी धरली, आणि बुरशी धरलेलं काहीही खोलीत ठेवायचं नाही हा नियम. तिने ती मागच्या बंबाकडे नेऊन जाळली. नियम पाळला आणि पुरावा गेला. वा, टाचणीबाई!

तिने चिमटा पुढे नेला. पहिल्या पतंगाच्या टाचणीवर तिच्या लेबलाची कड चिमट्यात आली. जरासं खाली ओढलं की निघेल. कागदाला एक भोक, दुसरं काही नाही. कुणाला कळणार आहे? सरांना बरं वाटेल, फोटोवाल्याचं काम होईल, पतंगाला तर काय, तो मेलाच आहे... पण त्याआधी एकदा विचारून बघायला हवं होतं. तिने चिमटा खाली ठेवला आणि डब्याची वेळ व्हायला पाऊण तास असताना घरी फोन लावला.

घरी सासूबाई एकट्याच असायच्या. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली, सासरे त्याच्याही आधी. राहिल्या या दोघी, तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या आणि एक गॅलरी. सुरुवातीला लोक विचारायचे, अजून सासूकडेच राहतेस? जणू ती तिथे पाहुणी म्हणून आली होती आणि पाहुणचार संपला होता. ती म्हणायची, हो, त्या हाकलत नाहीत. आणि सासूबाईंना विचारलं तर त्या म्हणायच्या, ही जात नाही.

"काय गं, आत्ता?" पलीकडून आवाज आला. "पडलीस का कुठे?"

"नाही हो. आई, ते पान आठवतं का, गॅलरीतल्या डब्यातलं? सूर्यफुलाचं?"

"न आठवायला काय झालं. मीच दाखवलं ना तुला."

हो. त्यांनीच दाखवलं होतं. त्यांच्या दोन्ही डोळ्यांपुढे आता नुसता उजेड-अंधार उरला होता, पण गॅलरीतली झाडं त्या बोटांनी बघायच्या. रोज सकाळी तेलाच्या जुन्या डब्यात वाढलेल्या त्या सूर्यफुलाच्या प्रत्येक पानावरून हात फिरवायच्या. आणि त्या सकाळी त्यांनी हाक मारली होती, "अगं, इकडे ये, या पानाला फोड आलाय बघ. भाजल्यासारखा." ती टॉवेल केसांना तसाच गुंडाळून बाहेर आली. पानावर पांढुरका चट्टा, बोटाखाली कागदासारखा वाजणारा. वरचं कातडं शाबूत, खालचं शाबूत, आणि मधलं हिरवं तेवढं कोणीतरी खाल्लेलं. तिने पान न खुडताच उन्हाकडे वळवून धरलं...

आणि दिसलं. अरे, दिसलं तर होतं सगळं! बरण्यांच्या कितीतरी आधी. खिडकी, मलमल, दोरा, सरकवासरकवी, कशाचाही संबंध नसताना. पानाच्या दोन कातड्यांमध्ये, उजेड आरपार येत असलेल्या त्या पातळ खोलीत, फिकट हिरव्या अळ्या, तपकिरी डोकी, विष्ठा एका कोपऱ्यात नीट ढीग करून ठेवलेली. आणि त्यांतली एक दुलईत कूस बदलावी तशी सावकाश वळली होती. कालपासून मी बरण्यांशी झटापट करत बसले. सर बरण्यांबद्दल बोलले म्हणून मीही बरण्याच बघत राहिले. कोणी म्हटलं, इथे शोध, की आपण मुकाट तिथेच शोधतो, मग हवं ते आपल्या मुठीत का असेना!

"आई, किती होत्या आत? मी काही म्हणाले होते का तेव्हा?"

"चार." पलीकडे क्षणाचाही विचार झाला नाही. "तू म्हणालीस, आई, चार आहेत. मी म्हटलं, चौघांचा संसार आहे गं, एकाच खोलीत. आपणही चौघंच होतो. तू काही बोलली नाहीस, आत जाऊन केस पुसत बसलीस." मग जरा थांबून, "का, काय झालं? कोण नाही म्हणतंय?"

"सर."

"त्यांनी पान बघितलं होतं का?"

"नाही."

"मग कशाच्या जोरावर बोलतोय तो मेला?"

तिला हसू आलं. आणि हसता हसताच डोळे भरून आले, आणि ते कशासाठी भरले हे तिला नीट माहीत होतं. चौघांसाठी. ती तेव्हा आत जाऊन केस पुसत बसली होती कारण बाहेर उभं राहून रडायचं नव्हतं, आणि सासूबाईंना न दिसताही ते दिसलं होतं.

पण फोन ठेवल्यावर पुन्हा तो पहारेकरी उठला. चार अळ्या, चार पतंग; ठीक. झाडावर पाहिल्याची नोंद आहे का? नाही. साक्षीदार? एक, वय ब्याऐंशी, दृष्टी शून्य. आणि समज, सरांचंही बरोबर असलं तर? तिने डबा उघडलाच नाही. मागच्या जिन्याने उतरून ती इमारतीच्या पाठीमागे गेली, जिथे मोडक्या खुर्च्यांच्या ढिगाभोवती ते तण कमरेएवढं वाढलं होतं. हातावर बाही ओढून ती एकेक पान उन्हाकडे धरू लागली. वरून कोणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, टाचणीबाईंचं डोकं फिरलं. बहुतेक पानांत नागमोडी रेघा होत्या – त्या माशीच्या, ती ओळखत होती. माशीची अळी खात खात बोगदा काढते आणि मागे दोन्ही बाजूंना काळे ठिपके सोडत जाते. पतंगाची अळी तसं करत नाही, ती घर करून राहते. विसाव्या-पंचविसाव्या पानापर्यंत रेघाच. तिला बरं वाटू लागलं. आणि मग खालच्या एका रुंद पानावर, काठाशी, एक पांढुरका चट्टा.

तिने तो वळवून धरला. रिकामा. वरचं कातडं जरासं फाटलेलं, कोपऱ्यात वाळका ढीग. कोणीतरी इथेही राहून गेलं होतं.

लपवायला हरकत नव्हती. ते पान तिथेच चुरगाळलं असतं तर कोणाला कळलं असतं? जसं लेबल काढलं तर कोणाला कळलं असतं? ती तशीच उभी राहिली, मनगटाला खाज सुटू लागली होती, उन्हाने मान तापली होती. म्हणजे सरांचा पतंग तण खात असेल. असेलही. सूर्यफुलाचं आणि या तणाचं कूळ एकच, एका घरात खाणारा शेजारच्या घरातही खाईल. म्हणजे लेख खरा ठरेल, माणसं गोळा होतील, आणि ती...? आणि तेव्हा, त्या मोडक्या खुर्च्यांपाशी, तिला एक गोष्ट इतकी साधी आणि इतकी पक्की समजली की आपण सत्तावीस वर्षं हे लेबलांवर लिहीत होतो आणि कधी वाचलं कसं नाही याचंच तिला नवल वाटलं.

लेबल जातीबद्दल बोलतच नाही. जात काय खाते, कुठे राहते, उद्या काय करेल, ते लेखात लिहा, भाषणात सांगा, गळ्यात हार घालून घ्या. टाचणीवरचं लेबल फक्त टाचणीवरच्या एकाबद्दल असतं. हा. या दिवशी. या ठिकाणी. याने हे पान खाल्लं. सगळ्या जगातल्या त्याच्या भाऊबंदांनी तण खाल्लं तरी याने सूर्यफूलच खाल्लं होतं, तेलाच्या डब्यातलं, आमच्या गॅलरीतलं, आणि ते त्याच्या बाजूने सांगणारं त्या कागदाच्या कपट्याशिवाय आता कोणी नाही. मी एकदा पोटांची अदलाबदल केली. ती दुपार माझी. ही सकाळ तिच्यामुळे खोटी होत नाही. चुकलेल्या माणसाने जन्मभर चुकतच राहायचं असतं की काय?

तिने ते तणाचं पान जपून खुडलं, रुमालात ठेवलं आणि वर आली. हात स्वच्छ धुतले. मग पाकीट उघडून छापील लेबलं काढली आणि चारही टाचण्यांवर, एकामागून एक, लावली. खाली. आपल्या लेबलाच्या खाली, बरोबर एक बोट अंतर सोडून, कडा वरच्या कडांशी समांतर. काम चोख झालं. छापील अक्षर देखणं होतं, हे मान्य करायला हवं. त्याच्यावर तिचा तो वर चढलेला 'त' गावंढळ दिसत होता. दिसू दे.

साडेचारला सर आले. पेटीवर वाकले, चष्मा कपाळावर चढवला, आणि बराच वेळ सरळ झाले नाहीत.

"हे काय, बाई?"

"खाली लावलीत."

"मी काढायला सांगितलं होतं."

"तुम्ही सत्तावीस वर्षांपूर्वी काढायचं नाही म्हणून सांगितलं होतं," ती म्हणाली. "ते आधीचं आहे." आवाज आपलाच आहे ना, असं तिला वाटलं. मग रुमाल उघडून तिने ते पान त्यांच्यापुढे ठेवलं. "हे मागे मिळालं. चट्टा तसाच आहे. तुमच्या तणातही तो असेल, सर. असावाच बहुतेक. पण हे चार सूर्यफुलातले आहेत. मी पान झाडावर असताना पाहिलं, चारही आत होते."

सरांनी पान उजेडाकडे धरलं. त्यांचा चेहरा क्षणभर त्या जुन्या, काळ्या केसांच्या माणसासारखा झाला आणि लगेच मिटला. "तुम्ही पाहिलं, हे मी नाही म्हणत नाही. पण नोंद नाही. दुसऱ्या कोणी पाहिलं?"

"माझ्या सासूबाईंनी."

"त्यांना दिसतं?"

"नाही. मला दिसतं."

खिडकीबाहेर कोणीतरी गाडी सुरू करायचा प्रयत्न करत होतं, ती पुन्हा पुन्हा घरघरून बंद पडत होती. मग सर त्या नेहमीच्या मायेने म्हणाले, "बाई, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. मागच्या वेळीही मी..."

"मागच्या वेळी माझ्या घरी काही अडचण नव्हती." तिने त्यांना पुरं करू दिलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा. "फोन वाजला, मी मान वळवली, चुकीचं पोट चिकटवलं. ती चूक माझी होती, सर. तुम्ही ती माझ्या घरावर घातलीत. माझ्या घराने काही केलं नव्हतं."

"अहो, मी तर तुम्हाला सांभाळून..."

"माहीत आहे. आता नका सांभाळू."

ते खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले. रागावले नाहीत, रागावले असते तर तिला सोपं गेलं असतं. म्हातारे दिसले, एवढंच. कपाळावरचा चष्मा खाली घ्यायचं ते विसरले होते. "उद्या बघू," शेवटी म्हणाले, आणि तणाचं पान दोन बोटांत जपून धरून घेऊन गेले. ते पान घेऊन गेले, याचा अर्थ काय लावायचा हे तिला कळलं नाही.

उद्या काय होईल? त्यांच्याकडे खोलीची दुसरी किल्ली आहे. चिमटा कोणाला वापरता येत नाही? सकाळी दहाच्या आधी येऊन ते चार कागद खाली ओढायला त्यांना पाच मिनिटं पुरतील. भोक पडलेली चार लेबलं, एका फुंकरेत जमिनीवर. आणि आज संध्याकाळी त्यांच्या मनात काय चाललं असेल हे तिला उन्हाकडे धरून पाहता येत नव्हतं. कदाचित ते काढतीलही. काढू देत. मग ती पुन्हा लिहील. तारीख पाठ होती, जागा पाठ होती. पुन्हा काढली तर पुन्हा. कागदाला काय तोटा आहे? या विचाराने तिला एवढी हुशारी आली की तिने दुपारचा डबा तिथेच, पाचला दहा कमी असताना, टेबलापाशी बसून शेवटच्या घासापर्यंत संपवला, आणि तोंडातल्या तोंडात कसलंसं गुणगुणलीही.

पेटीचं झाकण लावलं. कपाट लावलं. दिवा बंद केला. खोलीबाहेर येऊन कडी घातली, कुलूप अडकवलं, ते खटकन बसलं, आणि किल्ली पर्समध्ये टाकून ती जिना उतरू लागली. दहा पायऱ्या, अकरा... मधल्या वळणावर पाय आपोआप थांबले. अठरा वर्षं इथेच थांबत आले होते. पाठीत ती ओळखीची ओढ सुरू झाली – जा, एकदा ओढून बघ, एकदाच, काय जातंय, लागलं नसलं तर, तू ते लावलंस असं तुला नुसतं वाटत असलं तर... खालून कोणीतरी जिना चढत होतं, त्याच्या बुटांचा आवाज जवळ येत होता. ती कठड्याला हात लावून उभी होती. मनगटाला अजून खाज येत होती. वर अंधारलेल्या व्हरांड्याच्या टोकाला दार होतं, इथून दिसत नव्हतं.

कुलूप लागलं होतं. तिने पाहिलं होतं.

ती खाली उतरू लागली.